तिला करवतं

दुसऱ्यांना चहा करताना बघायचं, यासाठी मला तेहतीस वर्षं पगार मिळाला. स्वतः करायचा नाही, मदत करायची नाही, साखरेचा डबा समोर दिसत असला तरी सांगायचं नाही. हात मागे बांधून ओट्यापासून दोन पावलं लांब उभं राहायचं आणि बघायचं. नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, म्हणजे सासूचं काम." पोरगी हुशार आहे. फरक इतकाच की सासूला फॉर्म भरावा लागत नाही.

या कामाला व्यवसायोपचार म्हणतात. नावामुळे आमचा फार घात झाला. परळच्या ज्या हॉस्पिटलात मी होते तिथे आठवड्याला एक तरी बाई येऊन विचारायची, "ताई, पापडाचा धंदा हितंच शिकवतात का?" खरा अर्थ साधा आहे. आजारात माणसाला रोजचं जगणं किती जमतंय ते बघायचं आणि जमेल तेवढं परत जमवून द्यायचं. शेवटची बरीच वर्षं मी विसरण्याच्या आजाराच्या ओपीडीत काढली. स्मृतिभ्रंशाची नुकती सुरुवात झालेली माणसं तिथे येत. डॉक्टर त्यांना वार आणि महिना विचारत, मी चहा करायला लावी. पातेलं शोधायचं, पाणी मोजायचं, साखर कुठली आणि मीठ कुठलं ते ओळखायचं, दूध उतू जायच्या आत हात पोचवायचा आणि शेवटी गॅस बंद करायचा. कोण कुठे अडतं त्यावरून आतलं काय सुटलंय ते कळतं.

किंवा कळतं असं मला वाटायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी दादरचे एक निवृत्त हेडमास्तर आले. त्यांनी थंड पाण्यात पाच चमचे साखर घातली, लायटर उलटा धरला आणि पातेल्याकडे वर्गात बडबड करणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बघत राहिले. मी झरझर लिहिलं, 'कार्यक्षमता फारच कमी झाली आहे.' त्यांची बायको दाराशी उभी होती. तोंडाला पदर लावून म्हणाली, "अहो, कमी कशी होईल? होती कधी?" लग्नानंतर हा मनुष्य पाणी प्यायलासुद्धा स्वयंपाकघरात गेला नव्हता.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. कडक इस्त्रीचा कोट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक नुसतं शोभेला, आणि म्हातारी माणसं दिसली की ओरडून बोलायची सवय. त्या दिवशी शिकले की आधी काय येत होतं ते विचारायचं. एवढं शिकल्यावर वाटलं, आता आपल्याला सगळं येतं. पुढची अठ्ठावीस वर्षं तसंच वाटत राहिलं.

म्हणजे शेवंतामावशी परब माझ्याकडे आल्या तेव्हा मी चोपन्न वर्षांची पोरगी होते. नाव अर्थात बदललं आहे, बाई बदललेली नाही.

मावशी बाहत्तरच्या. लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. ऐन उमेदीत त्यांनी त्याच खोलीत खानावळ चालवली होती. कोकणातून गिरणीत कामाला आलेले, बायकामुलं गावी ठेवून राहिलेले बाप्ये त्यांच्याकडे दोन वेळा जेवायचे. गिरण्या गेल्या, खानावळ गेली, नवरा गेला. मुलगा अशोक बदलापूरला. गेल्या काही महिन्यांत मावशी नावं विसरू लागल्या होत्या, एकदा दूध जळून पातेलं काळं झालं होतं. अशोकचा प्रश्न सरळ होता. "मॅडम, आई एकटी राहू शकते का? नसेल तर मी तिला घेऊन जातो आणि खोलीला कुलूप लावतो. तुम्ही लिहून द्याल तसं." मावशींचं उत्तरही सरळ होतं. "माका खय जावचा नाय." म्हणजे कुठेही जायचं नाही. दोघांच्या मध्ये माझा फॉर्म.

त्या फॉर्मवर प्रत्येक कामापुढे दोन चौकोन होते. 'करता येतं' आणि 'करता येत नाही'.

हॉस्पिटलच्या अनोळखी ओट्यावर माणसं बावचळतात, म्हणून मी घरी गेले. सकाळचे दहा. मावशी खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. केस विस्कटलेले. अशोक ऑफिसात उशिरा येतो सांगून बदलापूरहून थेट आला होता, माझ्याबरोबरच जिना चढला.

"मावशी, चहा करता?"

मी आवाज चढवून परत विचारलं. त्या उठल्या, ओट्यापर्यंत गेल्या, पातेल्याकडे पाहिलं, परत येऊन बसल्या.

"करवत नाय गो."

"येत नाही का? विसरलात?"

"इसरान कशी? करवत नाय."

आता हा शब्द बघा. आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. बसवत नाही, जेववत नाही, बघवत नाही. येत नाही असं नसतं, नको असंही नसतं. हातपाय धड असतात, कृती पाठ असते, पण आतून 'ऊठ' म्हणणारं जे कोणी असतं ते गप्प झालेलं असतं. या आजाराच्या सुरुवातीला पुष्कळांचं असंच होतं. विसरण्याच्या आधी उमेद जाते. घरचे म्हणतात आळशी झाली, मुद्दाम करते. काल केलंत की, मग आज काय झालं, हे वाक्य मी गिरगावापासून माझगावापर्यंत प्रत्येक घरात ऐकलं आहे. काल मन ठिकाणावर होतं, आज नाही, इतकंच झालेलं असतं.

हे मी आत्ता शहाण्यासारखं लिहितेय. तेव्हा करवत नाहीसाठी चौकोन नव्हता, म्हणून मी 'करता येत नाही'वर खूण केली.

पेनाचं टोपण लावताना माझं लक्ष ओट्याकडे गेलं. घासलेली भांडी उपडी मांडलेली होती. फरशी लखलखीत होती. आणि कोपऱ्यात एक कप होता, त्यावर बशी झाकलेली. मी बशी उचलली. आल्याचा चहा. वाफ निघत होती.

"शेजारणीने दिला का?"

शेजारची नलू तेवढ्यात कळशी घेऊन गॅलरीतून चालली होती. "मी नाय बाई! मी तर नळावर होते. सकाळपासून हिच्या खोलीत पाय नाय ठेवला, आईशप्पत."

मी मावशींकडे पाहिलं. त्या भिंतीला सांगावं तशा म्हणाल्या, "तिनं केला."

"कोणी?"

"ती येता ना. कामसू आसा. तिका करवता."

अशोकचा चेहरा पांढरा पडला. तो जाताना जिन्यात मला म्हणाला, "मॅडम, असं कोणी येत नाही. या मजल्यावर अशी कोणी बाई नाही."

चार दिवसांनी मी न सांगता, भर दुपारी गेले. दार आतून लावलेलं होतं. मी कडीला हात घालणार तोच आत कोणीतरी गुणगुणत असल्याचं ऐकू आलं. बांगड्या वाजत होत्या. खलबत्त्यात आलं ठेचल्याचा आवाज. गुणगुणणं आनंदातलं होतं, एखादी बाई घरात माणसं यायची असली की गुणगुणते तसं. मी दार वाजवलं.

आवाज एकदम थांबला.

मग कडी सरकली. दारात मावशी. तोंडावर तेच कोरेपण. अर्ध्या डोक्याचे केस नीट विंचरून वेणीत घातलेले, अर्धे तसेच मोकळे खांद्यावर.

"आत्ताच गेली," त्या म्हणाल्या.

खोलीला दार एक आणि त्यात मी उभी. मी ओट्याशी जाऊन शेगडीला हात लावला. बर्नर गरम होता.

"मी आले की जाते का ती?"

"तू दार वाजवतस ना. आणि तुझो आवाज केवढो!"

मी खाटेवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं, "कशी दिसते हो?"

"माझ्याच उंचीची. माझीच साडी नेसता. इचारणा पण नाय."

"आणि चेहरा?"

मावशींनी ओट्याकडे पाहिलं. "तोंड नाय बगलंय कधी. पाठमोरीच असता."

दुपारचं ऊन गॅलरीतून थेट आत येत होतं आणि तरी माझ्या अंगावर काटा आला. बाहेर नलूने माझा हात धरून कोपऱ्यात ओढलं. "बाई, मी पण ऐकते रोज. तिघीजणींनी तर ह्या बाजूनं जाणंच सोडलंय. माझी सासू म्हणते, गावच्या वेशीवरचा राखणदार देव आला असंल तिच्या पाठी. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला काय वाटतं?"

शिकलेलीला जे वाटायचं ते वाटलं. दिवसातून एखादी लाट अशी यायची की मावशींचं मन वर यायचं आणि हातपाय पूर्वीसारखे चालायचे. लाट ओसरली की त्या खाटेवर. पण खाटेवरच्या बाईला ओट्यावरची बाई आपलीच आहे हे पटत नव्हतं. जिला करवतं ती मी कशी असेन? सगळ्या रुग्णांचं असं होत नाही. इतक्या वर्षांत मला असं एकच माणूस भेटलं.

आमच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी उदासीवरची गोळी सुरू केली आणि विचारलं, "ती बाई यांना त्रास देते का? भीती घालते का?"

"नाही. चहा करते."

"मग तिला हाकलू नका."

डॉक्टर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते. चोपन्नच्या पोरीने चौतिसाच्या पोराचं कशाला ऐकायचं? मला माझी खूण बदलायची होती. अशोकला दाखवायचं होतं की बघ, तुझ्या आईला येतं, कुलूप लावू नकोस. हेतू चांगला होता. पण खरं सांगायचं तर त्यापेक्षा जास्त मला बरोबर ठरायचं होतं. मुलाने नवा फोन घेऊन दिला होता आणि व्हिडिओ काढायला मी नुकतीच शिकले होते. मला अडवणार कोण?

नलूच्या दारात तासभर बसले. गुणगुणणं सुरू झालं तशी चप्पल काढून गॅलरीतल्या खिडकीशी गेले आणि पडद्याच्या फटीला फोन लावला.

शेवंतामावशी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. पाठ ताठ. पाणी बरोबर एक कप. साखर, आलं, मग पूड, मग दूध. दूध वर आलं तसा गॅस कमी झाला. एक थेंब सांडला नाही. गॅस बंद. फॉर्मवर मला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले असते. त्यांनी चहा गाळला, कप उचलला, वळल्या आणि रिकाम्या खाटेकडे बघून मायेने हसल्या.

"घे गो. पडून ऱ्हव. तुका उठवत नाय, माका म्हायत आसा."

थोडा वेळ थांबल्या. कोणीतरी उत्तर देत असल्यासारखी मान हलवली. मग कप परत ओट्यावर ठेवून त्यावर बशी झाकली.

मी फोन तसाच धरून खिडकीआड सरकले. त्या व्हिडिओत शेवटी खिडकीचा गजच दिसतो.

खानावळीत आजारी माणसाला पहिला चहा मिळायचा, हे नलूच्या सासूने मला पुढे सांगितलं. तापाने फणफणलेला गिरणीवाला त्याच खाटेवर निजवायचा, आणि मावशी चौदा माणसांचं जेवण मागे ठेवून आधी त्याच्यासाठी आधण ठेवायच्या. स्वतःसाठी त्यांनी कधी गॅस पेटवला नव्हता. मावशींच्या दुखण्याचं औषधच त्या व्हिडिओत होतं आणि मला ते दिसलं नाही. मला दिसला पुरावा.

रविवारी अशोकला बोलावलं. दोघांना शेजारी बसवून मी फोन धरला. अशोक रडायलाच लागला. "आई, बघ ना! ही तूच आहेस. तूच करतेस सगळं!"

मावशींनी फोन स्वतःच्या हातात घेतला. शेवटपर्यंत पाहिलं. मग मला म्हणाल्या, "परत लाव."

परत लावला.

"खाटेवर कोण आसा?"

"कोणी नाही मावशी. खाट रिकामी आहे. बघा."

"कोण नाय?"

"कोणी नाही. तुम्हीच आहात, एकट्या."

त्या खाटेकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू विचारलं, "मगे चाय कोणाक?"

मला प्रश्नच कळला नव्हता. मी खिशातून पेन काढलं, 'करता येत नाही'वर काट मारली आणि 'करता येतं'वर मोठी खूण केली. अशोकने कुलपाचा विचार सोडला आणि निश्चिंत होऊन बदलापूरला गेला. मी त्या दिवशी घरी श्रीखंड आणलं होतं. काय पण पराक्रम!

दहाव्या दिवशी नलूचा फोन. "बाई, लगेच या. ती येईनाशी झालीय."

मी पोचले तर खोलीत आंबूस वास. भांडी खरकटी. नलूने दिलेल्या डब्यांना हात लावलेला नव्हता. मावशी खाटेवर नव्हत्या आणि ओट्याशीही नव्हत्या. खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, दोन्हीपासून सारख्याच अंतरावर. नलू म्हणाली, सकाळी डोकावले तेव्हापासून अशीच आहे. साडी अंगावर लोंबत होती. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "मी खय बसू?"

बसायला ती खाट होती. पण तिथे कोणी नसतं, हे मी त्यांना दोनदा दाखवलं होतं.

अशोकला कळवणं भाग होतं. तो संध्याकाळी येणार, कुलूप घेऊन येणार. अठ्ठावीस वर्षं ओट्यापासून दोन पावलं लांब उभी राहणारी मी, काय करावं सुचेना, तशी पर्स खाली टाकून त्या खाटेवर जाऊन आडवी झाले. भिंतीकडे तोंड केलं. गोधडी खांद्यापर्यंत ओढली.

"मावशी," मी म्हटलं, "मला उठवत नाही हो."

नाटक होतं. निदान सुरुवातीला.

मागे काही हालचाल नाही. भिंतीवर एक जुना खिळा होता, मी त्याच्याकडे बघत राहिले. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला. वळून बघायची इतकी इच्छा होत होती की मान दुखायला लागली. किती वेळ गेला कोण जाणे. मग फरशीवर पाऊल वाजलं. एक. आणखी एक. नळ सुरू झाला. भांडं विसळल्याचा आवाज. लायटरचा टक्कन आवाज. आणि मग, अगदी बारीक, ते गुणगुणणं.

माझ्या पाठीमागे त्या वेळी कोण होतं ते मी सांगू शकत नाही. शेवंतामावशीच, दुसरं कोण असणार, असं तुम्ही म्हणाल. मीही दिवसाउजेडी तेच म्हणते. पण मी वळले नाही. कपावर बशी ठेवल्याचा आवाज आला, खांद्यावर एक ऊबदार हात टेकला आणि आवाज आला, "घे गो. केवढी वाळलंस!"

माझं वजन तेव्हा अठ्ठ्याहत्तर किलो होतं.

संध्याकाळी अशोक आला तेव्हा मी त्याला समजावलं. तुझ्या आईला येतं की नाही हा प्रश्नच चुकलाय, मी चुकवलाय. तिला करवायला हवं, आणि ते कोणाकरता तरीच करवतं. खाट रिकामी ठेवायची नाही. तो माझ्याकडे मी पेशंट असल्यासारखं बघत होता, पण नलू लगेच म्हणाली, "एवढंच ना? दुपारी आडवं पडायला मला सांगाल तर मी आत्ता पडते." चाळीत दमलेल्या बायकांना तोटा नव्हता. ठरलं. सकाळी एकजण, दुपारी एकजण, अर्धा तास येऊन त्या खाटेवर पडायचं आणि म्हणायचं, मावशी, उठवत नाही. ज्या तिघी त्या दारावरून जायला घाबरत होत्या त्यातल्या दोघी पहिल्या आल्या. नलू सांगायची, "बाई, नाटक कसलं, मला तर झोप लागते. माझ्या माहेरीपण मला असं कोणी खाटेवर चहा दिला नाय."

एकीला चहा दिला की मावशी उरलेला स्वतः प्यायच्या. मग आमटीभात झाला. वेणी पूर्ण झाली. गोळीनेही हात दिला असणार, डॉक्टरांचं श्रेय मी खाणार नाही. 'ती'बद्दल त्या क्वचित बोलायच्या. मी महिन्यातून एकदा जायची, खाटेवर पडायची आणि फॉर्म भरायची. दोन चौकोनांच्या मधल्या रेघेवर खूण करायची, म्हणून ऑफिसातून तीनदा फॉर्म परत आला. खोलीला कुलूप लागलं नाही, दीड वर्षं.

शेवटची भेट दुपारचीच. नलू दारात म्हणाली, "बाई, दोन दिवस झाले, नुसता गॅस चालू करून उभी राहते. मी बंद केला. काल साखरेच्या जागी सोडा घातला." आजार पुढे सरकला होता. त्याला उमेदीने थोपवता येतं, तेही काही दिवस. मला ठाऊक होतं. अशोकही त्या दिवशी यायचा होता.

मी खाटेवर पडले, भिंतीकडे तोंड केलं. "मावशी, उठवत नाही."

वाट पाहिली. पाऊल वाजलं नाही. नळ नाही, बांगडी नाही. त्या खोलीत इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. मग खाट करकरली आणि एका बाजूने खाली गेली. मावशी माझ्या पाठीला पाठ लावून आडव्या झाल्या होत्या. हाडं तेवढी टोचत होती.

"येऊक नाय आज ती?" त्यांनी विचारलं.

"नाही आली."

"उशीर झालो आसात."

मला उठायला हवं होतं. उठून गॅसचं बटण तपासायचं होतं, पर्समधला फॉर्म काढायचा होता आणि 'करता येत नाही'च्या चौकोनात, या वेळी अगदी बरोबर, खूण करायची होती. जिन्यात अशोकच्या चपला वाजत होत्या. माझे हातपाय धड होते, काय करायचं ते पाठ होतं.

मला उठवलं नाही.

मावशींनी मागे हात करून गोधडी माझ्या अंगावर सारखी केली. "पड गो," त्या म्हणाल्या. "येतली ती."